तुझा लूप एकपासून सुरू झाला

सुनील, तू मंगळवारी सकाळी गेलास. राजारामपुरीतल्या तुझ्या क्लासच्या दारात चप्पल काढायला वाकलास, तसाच खाली बसलास आणि रिक्षा दवाखान्यात पोहोचायच्या आत संपलास. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिला. चाळिशी अजून लांब होती.

मला सलीमचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या बैठकीत होते. सलीम आमच्या पेपरात पानं लावतो आणि संध्याकाळी तुझ्या क्लासला येत होता. त्यानं सांगितलं आणि माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं : हा सुटला. वाईट वाटलं ते नंतर, दुपारी, दुसऱ्याच कुठल्यातरी बातमीचा मथळा करताना. क्रम असा होता. तो मी बदलणार नाही.

तुझ्या निधनाची बातमी बुधवारी आतल्या पानावर आली. ती मी लिहिली नाही. बातमीदार स्वतः ज्या प्रकरणात आहे त्याची बातमी त्यानं द्यायची नाही, असा आमच्याकडे नियम आहे. स्मृतिलेखाला तो लागू नाही. मी संपादकांना विचारलं. ते म्हणाले, "आठवण तुझी आहे, तू लिही. फक्त जेवढं माहीत आहे तेवढंच लिही." तेवढंच लिहिते आहे.

आपण भेटलो तेव्हा नव्वदचं दशक अर्धं सरलं होतं. दसरा चौकाजवळ बॅटरीच्या दुकानावर एक संगणक क्लास होता. चपला जिन्यात काढायच्या, पडदे कायम ओढलेले, खोलीत एसी. एसी मशीनसाठी होता. आम्ही आत कुडकुडायचो. विद्यार्थी पुष्कळ आणि मशीन मोजकी, म्हणून तिथले सर आधी सगळा प्रोग्रॅम कागदावर लिहून घ्यायचे आणि बोटानं ओळ न् ओळ चालवून दाखवायला लावायचे. ज्याचा कागद चालला, त्यालाच मशीन. तुझा आणि माझा कागद बहुतेक वेळा एकाच दिवशी चालायचा, त्यामुळे आपल्याला एकच स्टूल मिळायचं. तू बसायचास, मी उभी राहून टाइप करायचे. तक्रार नाही. तेव्हा मला ते बरोबर वाटायचं.

ॲरे मला कळत नव्हता. सर फळ्यावर चौकोन काढायचे, चौकोनाखाली आकडे लिहायचे आणि मी ते उतरवून घ्यायचे. तू मला खाली सोड्याच्या गाडीवर नेलंस. गाडीपाशी बाटल्यांचा लाकडी क्रेट होता. तू त्यातल्या कप्प्यांच्या एका ओळीवर हात ठेवलास आणि म्हणालास, "ह्यो ॲरे. नाव एकच, कप्पं बरंच. आता बघ." मग बोट पहिल्या कप्प्यापासून पुढं सरकवत गेलास. "बोट फिरतंय त्यो लूप. दर कप्प्यापाशी थांबायचं आणि इचारायचं, बाटली भरल्याली हाय का रिकामी? ही अट. भरल्याली असली तर उचल, न्हाईतर फुडच्या कप्प्याला जा. ओळ सपली की थांब. झालं. एवढंच हाय."

गाडीवाला म्हणाला, "ए पावणं, घेणार हायसा का नुसतं मोजणार?"

"मोजतोय मामा. शिकवणी चाललीया."

"मग फी मला द्या की. कप्पं माझं हायत."

त्या दिवसानंतर मला ॲरे कधी अडला नाही. आजही आकड्यांचा तक्ता समोर आला की माझं बोट तसंच सरकतं. हे तुझं देणं आहे आणि ते मी मान्य करते. मात्र त्या दिवशी पहिल्या कप्प्यावर बोट ठेवून तू 'एक' म्हणाला होतास, हेही मला आठवतं.

बेसिक या आमच्या पहिल्या संगणकभाषेत ते चालून जायचं. पुढं सर 'सी' ही भाषा शिकवायला लागले. त्यात पहिला कप्पा शून्य नंबरचा, दुसरा एक नंबरचा. दहा कप्पे असले तर शेवटचा नऊ. तू सरांशी भांडलास. "शून्यावा माणूस कुटं असतोय का सर? आमच्या घरात पयला मी. मला काय शून्यावा म्हणत्यात व्हय?" वर्ग हसला. सर म्हणाले, मशीन तुझ्या घरातलं नाही. तू वहीत शून्य लिहायला लागलास, पण हाताला एकचीच सवय राहिली. तुझे कागद मी तपासायचे, आणि त्यात हीच चूक मी खोडायचे.

तू आमच्या घरी यायचास. गावाबाहेरच्या सहकारी सूतगिरणीच्या वसाहतीत आम्ही राहायचो. आप्पा, माझे वडील, तिथं सूतखात्यात कामाला होते. तू आलास की आप्पा म्हणायचे, "या पावणं." वर्षभर येऊनही तू पावणाच राहिलास. आई सुकटीची चटणी करायची आणि तू ताट पुसून खायचास. आम्ही बौद्ध. आमच्या घरी पाण्याचा तांब्या हातात घेतल्यावर काही जण आधी दाराकडं बघायचे, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. तू कधी बघितलं नाहीस. हे मी विसरलेले नाही. त्यामुळे पुढचं लिहिणं सोपं होत नाही, इतकंच.

गिरणीनं संगणक विभाग काढला तेव्हा तू आधी लागलास. काही महिन्यांनी दुसऱ्या सहायकाची जागा निघाली. लेखी परीक्षा झाली. निकाल गेटजवळच्या फलकावर लागला, गुणांच्या क्रमानं. पहिलं नाव माझं होतं. आप्पांनी खात्यात पेढे वाटले.

मुलाखतीला कुणाला बोलवायचं हे मशीननं ठरवावं, असं मॅनेजर साहेबांनी जाहीर केलं. माणसाचा हात लागायला नको. प्रोग्रॅम तू लिहायचा होतास. काम साधं होतं. निकालातली नावं आणि गुण त्याच क्रमानं एका ॲरेत भरायचे, मग ओळीनं तपासायचे, ठरलेल्या गुणांच्या वर असतील त्यांची नावं छापायची. एक लूप भरणारा, एक लूप तपासणारा, आत एक अट. क्लासमध्ये आपण असे किती लिहिले असतील.

भरणारा लूप माझा होता. क्लासमधला माझा कागद तुझ्याकडं होता, त्यावरून तू तो जसाच्या तसा घेतलास. तो शून्यापासून सुरू होत होता. त्यामुळे माझं नाव शून्य नंबरच्या कप्प्यात बसलं. तपासणारा लूप तू स्वतः लिहिलास. तो एकपासून सुरू झाला. शून्याच्या कप्प्यापाशी तो गेलाच नाही. शेवटी तो एक कप्पा जास्तीचा तपासत होता, पण तिथं काहीच भरलेलं नसल्यामुळं गुण शून्य निघायचे, अट नापास करायची, आणि बाहेर काही दिसायचं नाही. मशीन अडलं नाही. कुठलाही इशारा आला नाही. प्रिंटरमधून कडेला भोकं असलेल्या कागदावर यादी करकरत बाहेर आली आणि ती निकालाच्या शेजारी, त्याच फलकावर लागली.

म्हणजे दोन कागद शेजारी शेजारी. डावीकडच्यावर पहिलं नाव माझं. उजवीकडच्यावर ते नाही, बाकी सगळी त्याच क्रमानं. फलकापुढं उभं राहणाऱ्या कुणालाही ते दिसत होतं. मुलाखत घेणाऱ्या समितीच्या टेबलावरही हेच दोन कागद होते. कुणी काही विचारलं नाही.

आप्पांनी विचारलं. ते ऑफिसात गेले. साहेबांनी तुला बोलावलं आणि म्हणाले, "पुन्हा चालव." तू पुन्हा चालवलास. तीच यादी आली. साहेब आप्पांना म्हणाले, "बघा, दोनदा केलं. दोन्ही वेळा मशीन तेच सांगतंय." तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला तर तोच निकाल येणार, हे त्या खोलीत फक्त तुला माहीत होतं. तू मान खाली घालून कागदाच्या कडेच्या भोकांच्या पट्ट्या फाडत होतास, असं आप्पांनी घरी येऊन सांगितलं. त्यांना वाटलं, तुला वाईट वाटतंय.

मग आप्पा जे बोलायला नको होतं असं लोक म्हणाले, ते बोलले. खात्यात, सगळ्यांसमोर. "आडनाव बघून काढलं पोरीला."

आठवड्याच्या आत गेटवर सभा झाली. साहेब माइकवर म्हणाले, "माणसाला जात कळते, संगणकाला कळत नाही. गिरणीत जात आणणाऱ्यांनी एवढं तरी शिकून घ्यावं." टाळ्या पडल्या. मी कुंपणाच्या बाहेर होते, तिथपर्यंत आल्या. मग आप्पांना माइकपुढं उभं केलं. ते म्हणाले, "माझं चुकलं. मी उगंच जात मधी आणली. माफी असावी." माइक त्यांच्या तोंडापासून लांब होता, म्हणून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येईना!" त्यांना पुन्हा म्हणायला लावलं.

त्यानंतर त्यांना सूतखात्यातून काढून खराब कापसाच्या गोदामात टाकलं. निवृत्त होईपर्यंत ते तिथंच राहिले. पूर्वी जे त्यांच्याबरोबर डबा खायचे ते दुसरीकडं बसायला लागले. जागा दुसऱ्या मुलाला मिळाली, त्याचा काही दोष नव्हता. मी पेपरात मुद्रितं तपासायला लागले. तू आमच्याकडं येणं बंद केलंस. आई काही दिवस विचारायची, "त्यो पावणा कुटं गेला ग?"

एवढा भाग मला तेव्हाच माहीत होता. फक्त तुझा लूप मला माहीत नव्हता. आडनाव बघून काढलं असंच मी दहा वर्षांहून जास्त काळ समजत होते, आणि कुठल्याही ऑफिसात गेले की समोरच्या माणसाकडं त्याच नजरेनं पाहत होते. या नजरेचा बातमीदारीत उपयोग होतो. घरात होत नाही.

मग सलीमनं तुझा विनोद सांगितला.

मध्ये तू नोकरी सोडून स्वतःचा क्लास काढला होतास आणि तो चांगला चालला होता. गल्लोगल्ली क्लास निघाले आणि बंद पडले, तुझा टिकला. सलीम त्या दिवशी चहाच्या वेळी टेबलावर बसून म्हणाला, "आमचं सर लई भारी शिकवत्यात बगा. खुर्च्या ओळीनं मांडायच्या, पोरं बसवायची. पयल्या खुर्चीवरच्याला म्हणायचं, तू शून्य. त्यो म्हणणार, सर, मी का शून्य? मग सर गोष्ट सांगत्यात. एका गिरणीत एक प्रोग्रॅम होता. परीक्षेत पयल्या आलेल्या पोरीला त्यानं मुलाखतीला बोलावलंच न्हाई! का? प्रोग्रॅम म्हणला, पयलीच आलीया की, हिला आता आणि काय इचारायचं!"

सगळं टेबल हसलं. मी विचारलं, "मग त्या पोरीचं काय झालं?"

"ते न्हाई सांगत सर. तितं सगळी हसत्यात, मग फुडचा धडा."

त्याच संध्याकाळी मी क्लासमध्ये आले. बॅच सुटत होती. खुर्च्या अजून ओळीत होत्या. तू मला बघितलंस आणि हातातला खडू ठेवायला जागा शोधायला लागलास.

"सुजाता? आज हिकडं कुटं?"

"पहिली आलेली पोरगी कोण होती?"

तू दार लोटलंस. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच. दर बॅचला सांगतोस म्हणे."

"ते उदाहरण हाय ग."

"कुणाचं?"

तू खाली बसलास. शून्याच्या खुर्चीवर बसलास, पण तुझ्या ते लक्षात आलं नाही.

मग तू सांगितलंस. माझ्या परीक्षेच्या पुढच्या वर्षी आणखी एका जागेसाठी तोच प्रोग्रॅम पुन्हा चालवला गेला. त्या वेळी परीक्षेत पहिला आलेला मुलगा एका संचालकांचा पुतण्या होता. यादी छापून साहेबांच्या टेबलावर गेली. मी तुला विचारलं, "नाव नाही हे कळायला किती वेळ लागला?"

"चहा यायच्या आत कळलं."

"आणि माझ्या वेळेला?"

तू पुढचं सांगायला लागलास.

तुला बोलावणं आलं. तू प्रोग्रॅम उघडलास, लूप बघितलास, एकच्या जागी शून्य केलंस. एका अक्षराचं काम. पुतण्याला मुलाखतीचं पत्र गेलं. तू साहेबांना म्हणालास, "साहेब, गेल्या वक्ताला बी ह्येच झालं असणार. ती पोरगी पयली आलती." साहेब म्हणाले, "ते प्रकरण मिटलंय. उकरू नको. तुझं अजून कायम व्हायचंय." तू उकरलं नाहीस. कायम झालास.

"म्हंजे साहेबांनाबी ठावं हुतं," तू मला म्हणालास, जणू त्यामुळं तुझा वाटा कमी होत होता.

आपलं भांडण तिथं सुरू झालं आणि ते संपलं नाही. तू म्हणालास, "पण जात न्हवती की ह्यात. लूप चुकला माझा. मग आप्पांचंबी चुकलंच की, न्हाई का?" हे तू खरोखर म्हणालास. मी विचार करून उत्तर दिलं होतं, पण तू ते नीट ऐकलं नाहीस, म्हणून पुन्हा देते. लूप चुकला, मान्य. मशीननं मला एकदा वगळलं. नंतर फलकापुढं, समितीत, ऑफिसात, गेटवर माणसांनी किती वेळा वगळलं ते मोज. पुतण्याचं नाव नसल्यावर सगळ्यांना काहीतरी चुकलं असं वाटलं. माझं नाव नसल्यावर कुणालाच तसं वाटलं नाही. आप्पांनी मशीनवर आरोप केला नव्हता. माणसांवर केला होता.

तू म्हणालास, "मी दर बॅचला सांगतोय ते कशापायी? माझ्या हाताखाली शिकलेला एकबी पोरगा पयला कप्पा सोडत न्हाई. बग इचारून कुणालाबी." मी विचारून पाहिलं. सलीमला आणि आणखी तिघांना. तुझं म्हणणं खरं निघालं. तुझे विद्यार्थी लूप लिहिल्यावर आधी पहिला कप्पा तपासतात, मग शेवटचा, मग मधले. तू चांगला मास्तर होतास, हे पडताळून पाहिलेलं आहे.

"नाव घेऊन सांगतोस?" मी विचारलं होतं.

"नाव कशाला मधी आणायचं?"

साहेबांचंही मत तेच होतं.

मी तुझ्याकडं एकच गोष्ट मागितली. आमच्या घरी ये, आप्पांच्या समोर बस आणि त्यांना हे तुझ्या तोंडानं सांग. पेपरात नको, लेखी नको. आप्पा आता कळंब्याजवळ माझ्याकडं राहतात, दुपारभर दारात बसतात, तुला शोधायला लागलं नसतं. तू लगेच हो म्हणालास. "येतो की. परीक्षा हुंदेत." परीक्षा झाल्या. "गणपती जाऊंदेत." गणपती गेले. दिवाळीच्या आधी म्हणालास, बायकोचं माहेरी जाणं आहे. मी दर काही दिवसांनी फोन करत होते. नंतर तू उचलेनास, तेव्हा मी दुसऱ्या नंबरवरून करायला लागले. एकदा क्लासच्या दारात उभी राहिले आणि बॅच सुटेपर्यंत हलले नाही. तू आतून मला बघत होतास. त्या दिवशी तू तो विनोद सांगितला नाहीस, असं सलीम म्हणाला.

"छापायचं तर छाप," तू शेवटच्या फोनवर म्हणालास. "माझा क्लास बंद पाड. मग तुजं समाधान हुईल."

"मला क्लास बंद नको आहे. मला तू आमच्या दारात हवा आहेस."

"येतो म्हटलं की."

"कधी?"

"आयतवारी." रविवार तुझ्या मंगळवारच्या आधीचा. मी आप्पांना काही सांगितलं नव्हतं, कारण ते मला सांगायचं नव्हतं, ते तू सांगायचं होतंस. त्यांना इतकंच म्हणाले की रविवारी पाहुणा येणार आहे. त्यांनी दाढी केली. तू आला नाहीस.

या रविवारी तुझी शोकसभा तुझ्या क्लासमध्येच झाली. मशीन कडेला सरकवली होती, फोटोला हार होता, खुर्च्या ओळीत. आप्पा म्हणाले, मीपण येणार. "पोरगं जेवलंय आपल्यात." ते तिसऱ्या रांगेत बसले. मी त्यांच्या शेजारी.

तुझ्याबद्दल चांगलं बोलले सगळे. फी उशिरा दिली तरी तू मशीन दिलंस, असं बरेच जण म्हणाले. मग सलीम उभा राहिला. त्यानं खुर्च्यांची गोष्ट सांगितली. पुढच्या रांगेतल्या मुलाला उठवून म्हणाला, "तू शून्य." मुलगा रडता रडता हसला. सगळ्यांना पुढचं पाठ होतं. "प्रोग्रॅम म्हणला, पयलीच आलीया की," सलीमनं सुरुवात केली आणि बाकीचं वाक्य सगळ्या खोलीनं एका आवाजात म्हटलं आणि खोली हसली. डोळे पुसत हसली.

आप्पाही हसले. त्यांना विनोद आवडला. माझ्याकडं वळून म्हणाले, "भारीच की ग."

आमच्या पेपरात एक पद्धत आहे. चूक ज्या पानावर छापली गेली, दुरुस्ती त्याच पानावर छापायची. मी उभी राहिले. काय बोलले ते सलीमच्या मोबाइलमध्ये आहे, त्यावरून देते : "ती मुलगी मी. त्या परीक्षेत मी पहिली आले होते. सुनीलच्या प्रोग्रॅममध्ये चूक होती. ती त्याला पुढच्या वर्षी कळली, मॅनेजर साहेबांनाही कळली. दोघांनीही सांगितलं नाही. त्या यादीबद्दल प्रश्न विचारला म्हणून माझ्या वडिलांनी गिरणीच्या गेटवर माफी मागितली. ते तिसऱ्या रांगेत बसले आहेत." एवढंच आहे. मग रेकॉर्डिंगमध्ये खुर्च्यांचे आवाज आहेत. अध्यक्षांनी घाईनं सगळ्यांना उभं केलं आणि दोन मिनिटं स्तब्धता पाळायला सांगितली.

जिन्यात तुझी बायको मला म्हणाली, "आजच व्हय ताई?"

मी म्हणाले, "मी त्याला पुष्कळ दिवस दिले होते, वहिनी."

"ठावं हाय मला. लई भ्यायचे तुमाला. फोन वाजला की म्हणायचे, बग ग, तिचा हाय का."

हे ऐकून मला बरं वाटलं. वहिनींना त्या दिवशी माझ्यामुळं त्रास झाला, त्याचंही वाईट वाटलं, पण बरं वाटलं हे आधी आलं. तू मला भीत होतास, हे मला तुझ्या तोंडून कधी कळलं नसतं.

तुझ्यावरचा राग मी कुठं ठेवू, हे मला अजून कळलेलं नाही. तुला क्षमा करायची तर ती तू मागायला हवी होतीस, आणि माझ्याकडं नव्हे, आप्पांकडं. लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये. तू जिवंत होतास तेव्हा मी लिहिलं नाही. तेव्हा तू येशील असं मला वाटत होतं.

आम्ही रिक्षानं घरी निघालो. कळंब्याचा तलाव दिसायला लागल्यावर आप्पा म्हणाले, "मी हसलो की ग."

"तुम्हाला माहीत नव्हतं, आप्पा."

"मोठ्यानं हसलो." मग रिक्षातून उतरताना, "साहेब कुटं ऱ्हात्यात आता?"

साहेब निवृत्त झालेत. ताराबाई पार्कात त्यांचा बंगला आहे. मी सांगितलं.

आज सोमवारी सकाळी आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला. मी विचारलं, कुठं निघालात. म्हणाले, "साहेबांकडं. मी माफी दिलती. ती परत पायजे."

"माफी परत कशी मागणार, आप्पा?"

"का न्हाई? दिली तवा समद्यांनी घेतली की. दोनदा घेतली."

मी सोबत येते म्हणाले. ते नको म्हणाले. मी ऑफिसला आले आणि सलीमला सांगितलं. तो गाडी काढून तिकडं गेला.

दुपारी त्याचा फोन आला. बंगल्यावर आप्पांना सांगण्यात आलं होतं की साहेब झोपले आहेत. आप्पा म्हणाले, उठल्यावर भेटतो, आणि बाहेर पायरीवर बसले. नंतर सांगण्यात आलं की साहेबांची तब्येत बरी नाही. आप्पा म्हणाले, बरी होईपर्यंत थांबतो. सलीम त्यांच्या शेजारी बसला आहे. मध्ये एकदा आतून पाण्याचा तांब्या आला, तो आप्पांनी परत पाठवला.

हा मजकूर पानावर जाण्याआधी मी सलीमला पुन्हा फोन केला. बंगल्याचं दार बंद आहे. वरच्या खिडकीत दिवा लागला आहे. आप्पा पायरीवर आहेत.